पुरीयंत्राची नक्कल

इकडे सरक गं, जवळ. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, मला तुझा कान हातात धरूनच बोलायचंय. छातीच्या तपासणीची तारीख तू तीनदा मोडलीस. एकदा पाहुणे आले, एकदा लेकाची परीक्षा, एकदा केळीची गाडी भरायची होती. सावद्याहून धुळं काय परदेशात आहे? आणि परवा फोनवर हसून म्हणालीस, "मोठी आई, आईच म्हणायची ना? मी नाही जायची त्या पुरीयंत्रात!"

तू हसलीस. मी फोन ठेवून दिला. कारण तो शब्द माझा. तुझ्या आईला मीच दिलेला.

माझी पहिली मॅमोग्राफी जळगावला झाली. यंत्रावरची पोरगी बोलायला गोड. म्हणाली, "अक्का, आता वरची पाटी खाली येईल, दाब बसेल. खांदा सैल सोडा, मागे सरकू नका, सांगेन तेव्हा श्वास धरा." दाबलं. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण मनात दहा आकडे मोजेपर्यंत पाटी वर गेलीसुद्धा. एका बाजूचे दोन, दुसऱ्या बाजूचे दोन, संपले फोटो. बाहेर येऊन मी चहा प्यायले, वर भजी खाल्ली.

एवढंच सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? पण चार बायका समोर बसल्या की मला चेव येतो.

त्याच उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड चालले होते. मी पुरीयंत्र घेतलं, त्यात पापडाची लाटी ठेवली, दांडा दाबला आणि किंचाळले, "मेले गं माय!" बायका लोळायच्या बाकी राहिल्या. एकीने विचारलं, "अन् मग अक्का, परत गोल होतं का?" की पुन्हा हशा. तुझी आई तेवढी हसली नाही. माझी धाकटी जाऊ, हसण्यात कधी मागे नसायची ती. तिने पदर घट्ट ओढून घेतला आणि हळूच विचारलं, "अक्का, खरंच इतलं दुखस का?"

"जीव जातो," मी म्हणाले. सगळ्या हसत होत्या ना.

पुढे दोन वर्षं ती टाळत राहिली. शेवटी मीच हाताला धरून तिला इथल्या, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. आणि बाकावर बसल्या बसल्या शहाणपण शिकवलं, "त्या ताईला सांग, हळू दाब. नको म्हटलं की सोडतात." मग दाराआडून तिचा आवाज ऐकत बसले. "बस ताई, बस, नको." ती ताई थांबायची, समजवायची, पुन्हा सुरू करायची. शेवटी बाहेर येऊन मला म्हणाली, "एका बाजूचा फोटो नीट आला नाही. दाब कमी पडला, त्यात त्या हलल्या, धूसर दिसतंय. परत घ्यावा लागेल. तुम्ही समजवाल का?"

तोवर तुझी आई ब्लाउजची हुकं लावून दारात उभी. डोळे भरलेले. "अक्का, घर चाल ना."

आणि मी त्या ताईला म्हणाले, "राहू द्या आज. पुढच्या वेळी घेऊ."

फोटो परत काढा, असं रिपोर्टातही लिहिलं होतं. तो कागद मी माझ्या हाताने कपाटात लुगड्यांखाली ठेवला.

पुढची वेळ आली अकरा महिन्यांनी. न्हाताना छातीतली गाठ तिच्याच हाताला लागली. त्याच खोलीत, त्याच यंत्रापुढे ती म्हणाली, "दाब ताई, तुला पाहिजे तितकं दाब." हूं की चूं केलं नाही. फोटो असा स्वच्छ आला की माझ्यासारखीलाही गाठ दिसली.

डॉक्टरांना मी विचारलं, आधीचाच फोटो नीट निघाला असता तर? म्हणाले, नक्की सांगता येत नाही. लोक मला म्हणतात, अक्का, डॉक्टरांचं एवढं बोलणं धरून ठेव, तुझा दोष नाही. नाही धरवत.

पापड आपण उन्हाकडे धरून बघतो ना? पातळ लाटलेला असला की आत राहिलेली कणी लगेच दिसते. जाड राहिला की कणी आतच लपते. ती ताई दुसरं काय सांगत होती? दाबून पसरलं की आतलं एकावर एक चढत नाही, हललं नाही की पुसट होत नाही. जन्मभर पापड लाटले मी, आणि तीच लाटी हातात घेऊन खिदळले.

तुझी आई जाऊन दुसरं वर्ष लागलं. यंदाही पापडाच्या वेळी एकीने पुरीयंत्र माझ्यापुढे सरकवलं, "अक्का, करा ना ती नक्कल." मी उठून खाली आले.

आता खरं तेवढं ऐक. दुखतं, पण थोडाच वेळ. पाळीच्या आधीच्या दिवसांत येऊ नकोस, तेव्हा छाती हुळहुळी असते; पाळी झाली की ये. अंगाला पावडर लावू नकोस, तीही फोटोत उमटते. फार दुखलं तर ताईला सांग, ती थांबेल, हळूहळू दाबेल. पण अंग मागे ओढून घेऊ नकोस. माझीही तपासणी राहिली आहे. आधी मी आत जाईन. तू बाकावर बस आणि दाराला कान लावून ऐक, मी ओरडते का ते.

केळीची गाडी जावईबापू भरतील. तू आदल्या संध्याकाळीच ये, तुझं अंथरूण घालून ठेवते. लवकर ये गं.