मुकुटबनच्या टेकडीवरची खरपुडी

सुनंदाताई, म्हणजे माझी नणंद, हिमालयातली दुर्मीळ फुलं बघायला निघाल्या होत्या. बुकिंग झालं, नवे बूटही आले. मग गुडघ्याने दगा दिला, डॉक्टरांनी चढाई बंद केली आणि ताई चार दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. शेवटी मीच म्हटलं, दुर्मीळ फूलच बघायचं ना? मग आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं बघू.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सहाला कार काढली. पांढरकवड्यापर्यंत रस्ता छान आहे. तिथेच तर्री-पोहे खाऊन घ्या. वीस-तीस रुपयांत पोट भरतं आणि पुढे हॉटेल मिळेलच असं नाही. मुकुटबनकडे वळलं की खड्डे सुरू होतात, पण दोन्ही बाजूंची कपाशी इतकी हिरवी असते की चिडायचं राहून जातं.

तिथून पुढे एका टेकडीखाली कोलाम आदिवासींचा पोड आहे, पंधरा-वीस घरांची वस्ती. माझ्या शाळेतल्या शिक्षिकेच्या ओळखीच्या सोनाबाई तिथे राहतात. साठीच्या, सडसडीत. त्यांनी ताईंचा गुडघा बघितला, हातात काठी दिली आणि पुढे चालू लागल्या. अर्ध्या तासाची चढण आम्ही तासाभरात संपवली.

फूल मला दिसेचना. सोनाबाईंनी बोट दाखवलं तेव्हा कळलं. झुडपावर चढलेला दोऱ्यासारखा वेल, त्याला बोटाच्या पेराएवढी, कंदिलासारखी हिरवट-जांभळी फुलं. हीच खरपुडी.

"लहानपणी आमी याच्या मुळाचे कांदे टोपलीनं खाल्ले," सोनाबाई म्हणाल्या. "आता ह्या उतारावर सातच वेल हायेत. बी धराच्या आधीच लोक खणून नेते."

"मग खाणंच बंद करायला हवं," ताई म्हणाल्या.

"बंद काहून? आमचं खाणंच हाय ते. शेंगा फुटून बी उडू द्या, मंग खणा, येवढंच म्हणतो मी. कोणी आयकते, कोणी हासते."

फोटोसाठी उजेड हवा म्हणून ताईंनी वेल जरासा ओढला. फुलासकट शेंडाच हातात आला.

सोनाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फूल नखाने उभं चिरलं. आतून चिलटाएवढी माशी निघाली आणि उडून गेली.

"ह्या फुलातून त्या फुलात हेच जाते. तवा शेंग धरते," त्या म्हणाल्या. "तुटलं ते तुटलं. बसा जरासं."

ताई दगडावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "मला काही करता येईल का?"

"ढोरं चरतात इथं. बोरीच्या काट्या आणू."

दुपारपर्यंत आम्ही तिघींनी फांद्या ओढून सातही वेलांभोवती कुंपण घातलं. ताईंचे तळवे ओरबाडले, गुडघा सुजला. थांबा म्हटलं तरी थांबल्या नाहीत. नंतर सोनाबाईंच्या अंगणात भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली. तशी भाजी मला घरी अजून जमलेली नाही.

घरी परतल्यावर ताईंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी नेमकी जागा विचारली. ताईंनी ती सांगितली नाही, आणि मीही इथे मुकुटबनच्या पुढचा रस्ता लिहिलेला नाही, तो म्हणूनच.

दिवाळीनंतर सोनाबाईंचा फोन आला. "तीन वेलांले शेंगा धरल्या होत्या. काल कापसावानी बी उडलं, सारा उतार पांढरा दिसे. मंग एक कांदा खणला अन् उकडून खाल्ला. तुमच्या नणंदेले सांगजा."

फोन स्पीकरवर होता. ताई नुसत्या हसल्या आणि माझ्या हातातून तो घेऊन बोलायला गॅलरीत गेल्या.