भ्यायला कुणीतरी पाहिजे

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये किड्यांना पाला टाकत होते. रेशमाचे किडे शेवटच्या दिवसांत आले की त्यांना माणसाच्या मरणाचं काही नसतं. कोष करायच्या आधी ते अधाशासारखे खातात, आणि एक वेळचा पाला चुकला की अख्खी बॅच हलकी निघते. फोनवर आमचे हे होते, दवाखान्यातून. “आक्का गेली,” एवढंच म्हणाले. मी फोन पदराला पुसून ठेवला आणि उरलेल्या रॅकवर तुतीच्या फांद्या अंथरल्या. रडू आलं नाही, खरं सांगते. भीती वाटली, आणि पाला संपेपर्यंत ती वाढतच गेली.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन पाचोडला आले तेव्हा त्या नवरा वारल्यामुळं माहेरी परत आलेल्या होत्या. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं नातं असतं, तोंड सांभाळून राहा, असं आईनं बजावून पाठवलं होतं. मी जीव मुठीत धरूनच उंबरा ओलांडला. पण आक्कांना माझ्याशी भांडायला सवडच नव्हती. पैठणला बायकांना पैठणी विणायला शिकवत होते, तिकडं जायचं त्यांनी मनात घेतलं होतं. ह्यांना ते पसंत नव्हतं. “घरात खायला कमी हाय का?” म्हणाले. आक्का म्हणाल्या, “खायला लई हाय. कराया काय नाय.” आणि गेल्या. पुढं शहरात, क्रांती चौकातून आत जाणाऱ्या एका गल्लीत, त्यांनी दोन खोल्या घेतल्या आणि माग टाकले. चौघी बायका त्यांच्याकडं विणायला यायच्या. त्यांतली शबाना सगळ्यांत जुनी. आक्कांची मराठी आणि शबानाची दखनी यांची त्या खोलीत अशी काही खिचडी व्हायची की तिसऱ्या माणसानं गप्प बसून ऐकावं.

इकडं आमची मोसंबीची बाग दुष्काळात जळून गेली आणि आम्ही तुती लावली. किडे पाळायचं काम बायकांचंच असतं. ह्यांनी शेड बांधली आणि मालक झाले, पाला टाकायला मी. आमच्या कोषांचं सूत निघालं तेव्हा आधी आक्कांकडं नेलं. घरचं रेशीम, घरचाच माग, आता काय पाहिजे... मी सोबत पेढेसुद्धा नेले होते. आक्कांनी ते सूत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना लावून बघितलं. दिवसभर ते तुटत होतं आणि शबाना गाठी मारत होती. संध्याकाळी आक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. “कुसुम, तुझं रेशीम आडव्या धाग्याला चालंल. ताण्याला नाय. ताण्याला चीनचंच लागतंय.” मला राग आला. पोटच्या पोराला कुणी अशक्त म्हणावं तसं वाटलं. पेढ्याचा खोका तसाच त्यांच्या कोनाड्यात ठेवून मी निघून आले.

पण खरी गोष्ट कळली ती टीव्हीवर. एका संध्याकाळी बातमी आली की बाहेरून येणाऱ्या रेशमावरची ड्युटी उतरवली. बातमी पुढं सरकायच्या आत आक्कांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. “कुसुम, रेशीम स्वस्त होतंय गं. आता चौघींना रोज काम पुरंल.” फोन हातात धरून मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. ह्यांनी ताट बाजूला सरकवलं होतं. चीनचं रेशीम स्वस्त झालं की आमच्या कोषांना कोण विचारणार? आक्कांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या एकदम थांबल्या. मग दोघींनीही फोन ठेवला.

तेव्हापासून ती भीती आमच्या दोन्ही घरांत राहायला आली. दिल्लीत ड्युटी उतरली की आक्कांचे माग चालायचे आणि आमचे कोष कवडीमोल व्हायचे. ड्युटी चढली की आमच्या कोषाला भाव यायचा, आणि आक्कांना ताणा परवडायचा नाही, साडी महाग पडून गिऱ्हाईक फिरायचं. एका आईची दोन लेकरं, आणि एकाच्या सुखात दुसऱ्याच्या पोटात गोळा. बजेटच्या दिवशी तर माझी पाचावर धारण बसायची. त्या भाषणातलं मला ओ की ठो कळत नाही, पण रेशीम हा शब्द कधी येतो म्हणून स्वयंपाकघरातून कान लावून बसायचे. तिकडं आक्काही तेच करत असणार, हे ठाऊक असायचं.

त्या पहिल्या वेळी, ड्युटी उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी आक्का सकाळच्या एसटीनं पाचोडला आल्या. हातात वांगी, कोथिंबीर आणि थोडा मटार. आल्या तशा चुलीपुढं बसल्या आणि सगळा स्वयंपाक केला. ह्यांना वाढलं, मला वाढलं. ह्यांनी विचारलं, “हे काय?” तर म्हणाल्या, “माझी चूल पेटली. तुमची इझाया नको.” तो आमचा रिवाजच पडला. ज्याचं बरं चाललंय त्यानं दुसऱ्याच्या घरी जाऊन रांधायचं. वर्षानुवर्षं आम्ही तो पाळला. बोललो मात्र नाही त्यावर कधी. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि भांडायला दोघींपैकी एकीचंही चुकलेलं नव्हतं.

एकदा कोषवाले शेतकरी क्रांती चौकात धरणं धरून बसले. ड्युटी वाढवा, अशी मागणी. ह्यांच्याबरोबर मीही गेले. उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसले होते, तर समोरच्या बाजूला आठ-दहा विणकरी बाया-माणसं निवेदन घेऊन निघालेली दिसली. त्यांची मागणी, ड्युटी कमी करा. सगळ्यांच्या पुढं आक्का. माझं धाबं दणाणलं. वाटलं, आता ह्यांच्यासमोर आणि पोलिसांसमोर तमाशा होणार. आक्कांनी मला बघितलं, रस्ता ओलांडून सरळ आमच्या मांडवात आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. “भाकरी आणलीस का?” मी डबा उघडला. दोघींनी खाल्लं. खाता खाता म्हणाल्या, “तू देवापुढं काय मागतीस ते मला ठाऊक हाय. मी बी मागते. देवाचे लई हाल व्हत असतील.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. “मला रोज भ्या वाटतंय, कुसुम. तुझं बरं व्हावं असं बी वाटतंय, आन तुझं बरं झालं की माझ्या चार बाया घरी बसतात.” मग हात धुतले आणि आपलं निवेदन द्यायला निघून गेल्या.

पुढं एक काळ असा आला की चीनचा माल यायचाच थांबला. आमच्या कोषांना असा भाव आला की गावात माणसं शेड बघायला यायला लागली. मी पुरणाचं सामान घेऊन शहर गाठलं, रिवाजाप्रमाणं. खोलीत आक्का एकट्याच. माग जुन्या लुगड्यांनी झाकलेले. शबाना वाळूजला कुठल्याशा कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली होती, बाकीच्या घरी. ज्या खोलीत कधी शांतता ऐकली नव्हती तिथं भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मी पुरणपोळी वाढली. आक्कांनी घास तोडला, खाली ठेवला. “आज गोड लागंना गं.” झाकलेल्या मागांकडं त्यांची नजर परत परत जात होती. इतकी वर्षं मी आक्कांना हिमतीच्या बाई समजत आले होते. त्या माझ्याहून जास्त भित्र्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आम्हा दोघींच्या पाठी तो पाळीपाळीनं लागत होता, आणि त्या दिवशी त्यांची पाळी होती.

माल परत सुरू झाला, माग परत चालले, शबाना कंपनी सोडून आली. पण आक्कांची तब्येत तेव्हापासून जी उतरली ती उतरलीच. शेवटी दवाखान्यात होत्या तेव्हा मी जवळ बसले होते. त्यांनी माझं मनगट धरलं. “माग बंद पडू देऊ नको. तू बघ.” मी म्हणाले, “आक्का, मला कुठं विणता येतं?” त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. “विणाया चौघी हायेत. त्या नीट विणतात, कारण भ्यायचं काम माझ्याकडं हाय. तिथं भ्यायला कुणीतरी पाहिजे. तू ये.” मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बॅच शेवटच्या पाल्यावर होती म्हणून दुपारच्या गाडीनं परत आले. फोन आला तो तिसऱ्या दिवशी.

तेराव्यानंतर मी त्या खोलीत गेले. चौघी हजर होत्या. खोली झाडलेली, आक्कांची बसायची चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली. ती कुणी अंथरेना, आणि मलाही हात लावायचा धीर होईना. शबानानं रेशमाच्या दोन लडी माझ्यासमोर ठेवल्या. एक आमच्याकडची, एक चीनची. “भाभी, पुराना ताना खतम हुआ. अब नया कौनसे का लगानेका?” उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी चौघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी दोन्ही लडी हातात घेतल्या. आमची ओळखायला मला डोळे लागत नाहीत. तिच्या किड्यांना मी स्वतःच्या हातानं पाला घातलेला असतो, रात्री उठून शेडमधली हवा बघितलेली असते. ती ताण्याला लावली तर दिवसभर तुटणार, साडी रखडणार, आणि साडीवर मजुरी असलेल्या या चौघींची चूल थंड होणार. वाटलं, उठावं आणि एसटी गाठावी... आक्का रोज हे कसं सोसत होत्या?

“चीनचंच लाव,” मी म्हणाले.

शबानानं मान हलवली आणि लड उचलली. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. कोषांचा भाव परत पडला होता, बाजारात चीनचा माल लई आलाय म्हणे. मग त्यांनी विचारलं, “तिथलं काय ठरलं?” मी म्हणाले, “माग चालू राहतात.” “बरं झालं,” हे म्हणाले, “आक्काला बरं वाटंल.” ताण्याला कोणतं रेशीम लावलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आता आठवड्यातून दोनदा जाते. चटई अंथरते, बसते. चौघी विणतात आणि मी भिते. घरी आले की शेडमध्ये जाते, पाला टाकते आणि तिथंही भिते. ताण्याला चीनचं रेशीम मीच लावायला सांगितलं, हे ह्यांना अजून सांगणं झालेलं नाही. रोज ठरवते, आज जेवताना बोलू, आणि ताट वाढलं की तोंड उघडत नाही. ज्या पेपरच्या पुरवणीला हे लिहून पाठवतेय, तो आमच्याकडं पाचोडलाही येतो. हे आधी बाजारभाव बघतात, मग पुरवणी उघडतात.