एल्झीच्या लग्नाचं पिंप

हॉबर्ट स्टॅम्परचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पुरता विश्वास होता, पांढऱ्या ओकचं लाकूड आणि स्वतःचे हात. देवावरही होता, पण तो रविवारपुरता. केंटकीच्या डोंगरात, आमच्या लॉरेल घळीत, त्याच्याइतकं घट्ट पिंप बांधणारा दुसरा नाही हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत. आणि वैरी त्याला भरपूर, कारण जिभेला हाड नव्हतं.

खाली गावात व्हिस्कीचा कारखाना होता तोवर तो तिथे पिंपं बांधायचा. मग दारूबंदी आली आणि कारखान्याला कुलूप लागलं. ज्यांचा धंदा बुडाला त्यांनी तोच धंदा डोंगरात नेला. हॉबर्टची तांब्याची भट्टी वरच्या अंगाला, झऱ्याशेजारी होती. बाकीचे लोक साखर ओतून आठवड्याभरात दारू पाडत आणि निवायच्या आत विकत. हॉबर्ट त्यांना तोंडावर विषवाले म्हणे. तो मक्याचा भरडा शिजवायचा, त्यात राय नावाचं थोडं धान्य आणि मोड आणून वाळवलेला जव घालायचा, मागच्या खेपेचं आंबवण विरजणासाठी राखायचा, आणि भट्टीतून येणारी पहिली, विषारी धार बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर ओतून द्यायचा. इतकं करूनही त्याच्या मते त्याला अजून व्हिस्की म्हणता येत नसे. खरी केंटकीची व्हिस्की, बर्बन, व्हायची ती पिंपात. ओकचं कोरं पिंप, आतून कोळसा होईस्तोवर जाळलेलं, आणि त्यात निदान चार-पाच उन्हाळे.

"भट्टी नुसती जन्म देते," तो म्हणायचा. "वाढवतं ते पिंप."

पण ओक ओकमध्ये फरक असतो. पांढऱ्या ओकचं लाकूड आतून बंद. तांबड्या ओकमध्ये मात्र बारीक नळ्या असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळ्या. त्याचं पिंप केलं तर पाझरणारच. म्हणून शंका आली की पिंपवाले फळीची एक चिरफळी काढतात, तिचं एक टोक पाण्यात बुडवतात आणि दुसऱ्या टोकाने फुंकतात. बुडबुडे आले की ती फळी चुलीत. हॉबर्टची बायको मॉडी लवकर गेली. एकुलता एक मुलगा एल्झी तेव्हा दुडुदुडु चालत होता. पोर आईसाठी रडायला लागलं की हॉबर्ट तांबड्या ओकची काठी बादलीत धरून बुडबुडे काढायचा, आणि पोर हसून हसून लोळायचं. याहून वेगळे लाड त्याला कधी जमले नाहीत.

स्टॅम्परांच्या घरात एक रीत होती. मुलगा हाताशी आला की बापाने त्याच्या लग्नासाठी एक पिंप भरून ठेवायचं, बुचावर मेण ओतून त्यावर आपला अंगठा उमटवायचा, आणि ते उघडायचं थेट लग्नाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. एल्झीसाठी हॉबर्टने फळ्या स्वतः फोडल्या होत्या. दोन वर्षं पावसापाण्यात वाळून त्या सगळ्या सारख्याच करड्या झाल्या होत्या. पिंप बांधायला घेतलं त्या दिवशी एल्झी म्हणाला, "बाबा, एकेक फुंकून बघू का?"

"फुंकायला मी काय शिकाऊ आहे?" हॉबर्ट म्हणाला. "बोटांना कळतं माझ्या. तू लोखंडी कडी आण."

डोळ्यांपेक्षा बोटांची बढाई तो त्या सुमारास जरा जास्तच मारू लागला होता. सुईत दोरा ओवायला शेजारच्या गिलच्या घरी जायचा आणि खिडकीतून उजेड येत नाही म्हणून खिडकीला शिव्या घालायचा.

पिंप भरलं, अंगठा उमटवला, आणि तंबाखूच्या कोठारात जमिनीखाली खड्डा करून लाकडाच्या भुशात आडवं पुरलं. अबकारीवाले कुदळी घेऊन हिंडत होते, उघड्यावर ठेवायची सोय नव्हती.

एल्झीचं लग्न ठरलं ते नेटीशी, पलीकडच्या खोऱ्यातल्या अनाथ पण तोंडाने खमक्या पोरीशी. अंगणात फिडल वाजत होतं, कोंबड्या तळल्या होत्या, मक्याच्या भाकऱ्या आणि घेवड्याची भलीमोठी कढई होती, सफरचंदाचा थरांचा केक होता. गिल आणि आणखी दोघे पिंप खड्ड्यातून काढायला गेले.

"हॉब," गिल आतून ओरडला, "हे फारच हलकं लागतंय रे."

"देवदूतांनी आपला वाटा घेतला असेल," हॉबर्ट म्हणाला, आणि लोक हसले. थोडी व्हिस्की लाकूड पितं, थोडी हवेत उडते, तिला आमच्याकडे देवदूतांचा वाटा म्हणतात.

मेणावरचा अंगठा जसाच्या तसा होता. हॉबर्टने बूच काढलं आणि आत काठी घातली. पिंपात तिसरा हिस्साही उरला नव्हता. तो खड्ड्यापाशी गेला. एका बाजूचा भुसा ओला होता आणि त्याला व्हिस्कीचा वास येत होता. परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. फिडल थांबलं.

"एल्झी, किती दिवस पीत होतास?"

"काय?"

"देवदूत एवढे बेवडे कधीपासून झाले? किती दिवस, विचारतोय."

"बाबा, मी हात लावलेला नाही. सील तर बघा."

"सील बघितलं. बूच न काढता पिंपातून कसं चोरायचं हे या घळीत दोघांनाच ठाऊक आहे. एक मी, आणि एक तू, कारण मीच मूर्खाने शिकवलं तुला."

ती कारखान्यातली जुनी युक्ती होती. लोखंडी कडं ठोकून सरकवायचं, त्याखाली बारीक भोक पाडायचं, हवी तेवढी काढून घ्यायची, भोकात खुंटी मारायची आणि कडं परत जागेवर. शिवाय एल्झी एकदा जत्रेत पिऊन गटारात सापडला होता, ते कोणी विसरलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मग कडं सरकवून बघ की, हॉब," गिल म्हणाला. "भोक असलं तर दिसेलच."

"मला बघायची गरज नाही."

गरज होती. हातोडीचे चार ठोके मारले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. मला आजही त्या माणसाचा राग येतो तो याच वाक्यापायी.

एल्झी म्हणाला, "मग पाझरलं असेल."

अंगणात कोणीतरी श्वास आत ओढला. सख्ख्या बापाने बांधलेल्या पिंपाला, सगळ्या घळीसमोर.

"हॉबर्ट स्टॅम्परचं पिंप पाझरतं," हॉबर्ट सावकाश म्हणाला. "चोर एकवेळ चालला असता. वर बापाचं नाव बुडवणारा नको. तुझी बायको घे आणि चालता हो."

नेटी काहीतरी बोलायला पुढे झाली, एल्झीने तिचा हात धरला. ताटं तशीच टाकून ती दोघं घळीच्या तोंडाकडे चालत गेली. कोणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, आम्ही सगळेच नामर्द.

एल्झी कोळशाच्या खाणीत लागला. हॉबर्टने पिंप तसंच कोठाराच्या कोपऱ्यात उभं केलं, उरलेली व्हिस्की बरण्यांत भरली आणि त्यातला थेंबही प्यायला नाही. एल्झीला मुलगी झाल्याची बातमी गिलने आणली तेव्हा "बरं" म्हणाला आणि रंधा मारत राहिला. पण त्या दिवशी त्याने रंधून रंधून एक चांगली फळी कागदाएवढी पातळ केली.

मग एके दिवशी गिल टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. खाणीचं छत कोसळलं होतं. एल्झीला तिथेच पुरलंही होतं.

हॉबर्टने विचारलं, "पिऊन होता का?"

गिलला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "नव्हता," तो म्हणाला. "लग्नाच्या दिवसापासून तो दारूला शिवला नाही, हॉब. सगळ्या खाणीला माहीत आहे. तुलाच नाही."

खाणीचं घर खाणवाल्यांचं, ते त्यांनी परत घेतलं. नेटीला माहेर नव्हतं. ती तीन वर्षांच्या ओपलला कडेवर घेऊन हॉबर्टच्या दारात आली. त्याने दार उघडून वाट सोडली, एवढंच. ती स्वयंपाक करायची, त्याच्यासमोर भाकरी आणि घेवडा ठेवायची, पण त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. "जेवण वाढलंय," असं ती भिंतीकडे बघून म्हणायची.

वसंतात ती चार घरची धुणी धुवायला लागली. धुण्याला टब हवा होता.

"कोठारात पिंप आहे," हॉबर्ट म्हणाला. "अर्धं कापलं तर दोन होतील."

कुठलं पिंप ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याने करवतीने मधोमध कापलं आणि दोन्ही अर्धी अंगणात मांडली. तिने पाणी भरलं. कोरडं लाकूड आधी गळतंच, मग फुगून मिटतं. दोन्ही टबांचे सांधे मिटले. पण त्यांच्याखालची माती काही सुकेना.

"फुगेल," हॉबर्ट म्हणाला.

आठवडा उलटला तरी रोज सकाळी टबांखाली चिखल. शेवटी नेटी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हे फुगायचे नाहीत. दोन्हींत त्याच एका फळीतून गळतंय. बाकीच्या कोरड्या आहेत."

हॉबर्ट गुडघ्यांवर बसला. त्याने बुडाशी बोट फिरवलं. एका फळीच्या टोकातून पाणी येत होतं, सांध्यातून नव्हे, लाकडातूनच. त्याने हातोडी आणली आणि एकेक कडं सरकवलं. या टबाचं, मग त्या टबाचं. कुठल्याही कड्याखाली भोक नव्हतं, खुंटी नव्हती. फळ्या सुट्या होऊन पाणी अंगणभर पसरलं. ती फळी त्याने अगदी डोळ्यांजवळ धरली आणि चाकूने खरवडली. करड्याखाली तांबूस निघाली. आतल्या काळ्या कोळशावर, तिच्या खालच्या कडेलगत, व्हिस्कीची जुनी रेघ होती. आडव्या पिंपातली व्हिस्की या फळीपर्यंत उतरली होती आणि इथेच थांबली होती. चोराने उरलेली तरी कशाला मागे ठेवली असती?

तरी त्याने फळीची एक लांब चिरफळी फोडली. बादलीत तिचं टोक बुडवलं. दुसरं टोक तोंडाशी नेलं.

त्याने फुंकलं. बुडबुडे आले.

"माझं पिंप," तो म्हणाला. "माझं पिंप पाझरत होतं."

नेटी धुण्याचा पिळा हातात धरून उभी होती. "तो म्हणाला होता तुम्हाला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली.

ओपल धावत आली आणि बादलीच्या काठाला लोंबकळली. टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा करायचा तसं! बाबा करायचा तसं!"

हॉबर्टच्या हातातून चिरफळी गळून पडली. पोरीने ती चिखलातून उचलली, फ्रॉकला पुसली आणि त्याच्या ओठांवर टेकवली.

"अजून," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पुन्हा फुंकलं.