वरातीची बाजू, पाठवणीची बाजू

आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, एका परदेशी स्विंग बँडच्या मास्तराची तबकडी आहे. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातली. लेबल पुसलेलं, त्यामुळे गाण्यांची नावं कळत नाहीत. आप्पा स्वतः लग्नाच्या बँडचे मास्तर, हुपरीपासून इचलकरंजीपर्यंत सुपाऱ्या घेणारे. त्यांनी दोन्ही बाजूंना धंद्यातलीच नावं देऊन टाकली: एक वरात, दुसरी पाठवणी.

वरातीच्या बाजूला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन नुसते भांडतात, ड्रमवाला दोघांना चढवतो आणि बसल्या जागी आपले पाय हलायला लागतात. दुसऱ्या बाजूला तोच मास्तर क्लॅरिनेट इतकी हळू वाजवतो की आम्हाला पंखा बंद करावा लागतो.

"जोरात काय, डॉल्बी बी वाजवतीया की," आप्पा म्हणतात. "हळू वाजवायला छाती लागती."

वरातीची बाजू त्यांनी आपल्या बँडला केव्हाच शिकवली होती. दुसरी मात्र ते आपल्या क्लॅरिनेटवर घरातच वाजवायचे. माझं लग्न ठरलं आणि त्यांनी जाहीर केलं, पाठवणीला तीच वाजवणार, स्वतः.

आई भडकली. "नवरीचा बाप बँडात उभारणार? पावणं काय म्हणतील?"

"ऐकतील की!"

मला काळजी पाव्हण्यांची नव्हती, आप्पांच्या ओठांची होती. ओठ थरथरला की क्लॅरिनेटचा सूर गेलाच. शेकडो मुली त्यांनी कोरड्या डोळ्यांनी सासरी लावून दिल्या होत्या, पण त्या लोकांच्या.

व्हायचं तेच झालं. मी गाडीशी पोचले, आप्पांनी क्लॅरिनेट ओठाला लावली आणि नुसती हवा आली. पुन्हा फुंकली, पुन्हा हवा. मग त्यांनी हात वर करून खूण केली आणि बँडनं वरातीची बाजू सुरू केली. वऱ्हाडी नाचायला लागले, सासरे "नाद खुळा!" म्हणून ओरडले आणि मी रडायचं सोडून हसतच गाडीत बसले. आप्पा तेवढे मान खाली घालून उभे होते.

मांडवपरतणीला मी आणि नवरा माहेरी आलो, तर आप्पा क्लॅरिनेट घेऊन दारातच. डोळे मिटून त्यांनी अख्खी पाठवणी वाजवली, एक सूर हलला नाही. आमच्यावरून ओवाळायचा भाकरतुकडा हातात धरून आई खोळंबली होती.

"अवो, पोरगी आलीया! गेली न्हाय!"

"म्हणून तर वाजतीया," आप्पा म्हणाले.