बॅग भरून आणावी

पलूसच्या एसटी स्टँडजवळ माझ्या आईचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथं दिवसभर दोन गोष्टी साठत जातात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या आई संध्याकाळी झाडून टाकते. किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहतात, कारण मी ते कुणाला सांगत नाही. मी फार बोलतच नाही. हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणतानासुद्धा माझा घसा कोरडा पडतो! यंदा तर मला घरी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, अकरावीला साताऱ्याच्या वसतिगृहात जायचं की इथंच राहायचं. तेवढंही तोंडातून निघेना. म्हणून बाकीचं निदान लिहून तरी काढते.

आधी दुकानाचा नियम सांगायला हवा. बाहेर पाटीवर माझ्या अक्षरात लिहिलं आहे, 'बॅग भरून आणावी.' कापडी बॅग रिकामी असली तर आई तिला हात लावत नाही.

"रिकाम्या बॅगंचं दुखणं कळत न्हाई," ती म्हणते. "भरली की कुठली शिवण वरडतीया ते दिसतं."

मग ती भरलेली बॅग आकड्याला टांगते, शिवणी बोटांनी दाबून बघते आणि खडूनं खुणा करते. मी चिठ्ठी लिहिते: नाव, कुठं उसवली, कधी पाहिजे. आईची तक्रार एकच आहे. "उसवल्यावर समदी येत्यात. उसवायच्या आधी पट्टी मारून घ्यायला एक बी माणूस आला न्हाई आजून!"

*

नियम नवा होता तेव्हाची गोष्ट. एक काका रिकामी बॅग घेऊन आले. बंदाजवळ दोन बोटं उसवली होती. आई म्हणाली, "भरून आणा."

अर्ध्या तासानं काका परत आले ते एका बाजूला वाकून. बॅग टेबलावर ठेवली तर टेबल कुरकुरलं. आईनं चेन उघडली. आत विटा!

"आवं, गावाला निघालाय का घर बांधायला?"

"तुमीच म्हणला, भरून आणा!"

"कपडे भरा, कपडे!"

"आन् ती चुरगाळली म्हंजे?"

दोन बोटं उसवलेली ती बॅग येता येता दोन्ही बाजूंनी फाटली होती. मी चिठ्ठीवर 'कुठं उसवली'च्या पुढं लिहिलं, 'सगळीकडे.'

*

आमच्या गल्लीतला एक दादा फौजेत आहे. दर सुट्टीला तो तीच हिरवी किटबॅग घेऊन येतो आणि दर वेळी खालचा तोच कोपरा उसवलेला असतो.

"काकू, मी नेतो युनिफॉर्म आन् दोन टॉवेल. ह्याच कोपऱ्याला काय होतंय?"

आईनं बॅग टांगली, कोपरा दाबला, आत हात घातला. टॉवेलाच्या घडीतून खर्ड्याची काचेची बरणी निघाली. तिच्याखाली शेंगदाण्याच्या चटणीची.

दादानं मागं वळून बघितलं. मागं उभी असलेली त्याची आई एकदम रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागली!

माझ्या आईनं त्या कोपऱ्याला आतून दुहेरी ठिगळ लावलं. पुढच्या सुट्टीला दादा आला, तर पुन्हा तोच कोपरा उसवलेला! आईला हे फार लागलं. तिची शिवण अशी कधी जात नाही.

"तसं न्हवं," दादाची आई हळूच म्हणाली. "शिवण पक्की झालीया म्हणल्यावर मी आणिक दोन बरण्या बसवल्या की!"

*

आटपाडीकडचे एक धनगर आजोबा मेंढरं घेऊन आमच्या भागात आले होते. त्यांच्या कॅनव्हासच्या झोळीचा बंद शिवणीत झिजला होता. आईनं त्यांनाही नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी आजोबा झोळी खांद्याला लावूनच आले. झोळीतून एक तोंड बाहेर आलं होतं. कोकराचं!

"बाबा, हे काय वो?"

"तूच म्हणलीस न्हवं, भरून आण? ह्यात मी हेच नेतो. कालच जन्मलंय, लांब चालवत न्हाई त्याला."

आईनं कोकरासकट झोळी आकड्याला टांगली आणि खुणा केल्या. तोवर कोकरानं तिच्या मोजपट्टीचं टोक चोखून ओलं केलं.

आजोबा बसल्या बसल्या आईचं काम बघत होते. म्हणाले, "पोरी, घोड्यावर वझं लादताना दोर जितं घासतो तितं आमी कातड्याचा तुकडा घालतो. घासायचं ते त्यो तुकडा घासंल. तुझ्या शिवणीला असलं कायतरी दे की."

त्या दिवसापासून आई प्रत्येक शिवणीवर वेगळी पट्टी मारते. पट्टी झिजते, ती बदलायची. खालची शिवण नवीच्या नवी राहते.

जाताना आजोबा आईला मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा देऊन गेले. त्यावरून दोरा ओढला की तो पाण्यानं कुजत नाही आणि पिंजतही नाही. आई तो गोळा मशिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवते आणि कुणालाही देत नाही. शेजारच्या चप्पलवाल्या काकांनी एकदा नखाएवढा मागितला, तेव्हा ती म्हणाली, "मेण मागू नका. दुकान मागा, देते!"

*

दहावीच्या निकालानंतर आमचे गणिताचे सर लॅपटॉपची बॅग घेऊन आले. मी मशिनमागं सरकले. सरांनी चिठ्ठी हातात घेतली.

"अक्षर कुणाचं हो हे?"

"माझ्या पोरीचं. तुमच्याच वर्गात हुती की!"

सर वाकून मशिनमागं बघत म्हणाले, "अगं, तू आहेस होय! पण तू बोलतेस का कधी?"

मी मान हलवली.

"बघा! आताही नाहीच बोलली!"

पण त्याच सरांनी साताऱ्याच्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला. यादीत माझं नाव लागलं, वसतिगृहही मिळालं. सोमवारी जाऊन प्रवेश घ्यायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

आई म्हणाली, "मने, मी जा म्हणणार न्हाई आन् ऱ्हा बी म्हणणार न्हाई. तूच सांग. पण तोंडानं. मान हलवलेली चालायची न्हाई."

चार दिवस मी रोज तोंड उघडायची आणि पाणी पिऊन मिटायची.

*

रविवारी दुकानात गर्दी होती आणि आईचं मेण सापडत नव्हतं. तिनं ड्रॉवर पालथा केला, चिंध्यांचा ढीग उपसला. मग तिनं चप्पलवाल्या काकांकडे असं बघितलं की काका आपणहून खिसे उलटे करून दाखवायला लागले!

शेवटी ती बिनमेणाच्या दोऱ्यानंच, धुसफुसत, कामाला लागली. ओळीतल्या बॅगा एकेक करून उचलायची आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. तिसरी बॅग निळी होती. चांगली टम्म भरलेली.

"कुठं उसवली..." आई थांबली. "कुठंच नाही?"

दुकानातली माणसं हसली. आईनं पुढं वाचलं. "कधी पाहिजे. उद्या सकाळी, साताऱ्याच्या गाडीच्या आधी."

सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या. नावाची जागा मोकळी होती.

"कुणाची हाय ही?" आईनं गर्दीला विचारलं. कुणीच पुढं येईना. "आवं, कुणाची हाय बॅग?"

मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"माझी," मी म्हणाले.

आईनं वळून बघितलं नाही. "कोण बोललं? ऐकू आलं न्हाई मला."

"माझी आहे बॅग!" माझा आवाज एवढा मोठा निघाला की चप्पलवाले काका दचकले. "उसवायच्या आधी पट्टी मारून पाहिजे!"

आईनं बॅग आकड्याला टांगली. एकेक शिवण दाबत गेली. वरची, बाजूची, बंदाची. खालच्या कोपऱ्यावर तिची बोटं थांबली. तिनं चेन उघडली, पुस्तकांच्या आणि चादरीच्या खाली हात घातला आणि मेणाचा गोळा बाहेर काढला.

"आगं बया! सकाळधरनं मी हुडकतीया!"

तिनं दोरा ताणून गोळ्याचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा चादरीखाली परत ठेवला आणि चेन लावली. मग खडू घेऊन त्या कोपऱ्यावर मोठी फुली मारली.

"हितं दुहेरी लागंल," ती म्हणाली. "चार बरण्या तर बसतीलच."