सुमनचा डावा हात

नीलेशचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, उलटत होते. "मावशी..." म्हणाला आणि थांबला. मग हळूच, "आई गेली. झोपेतच." मी बिबडी हातात तशीच धरून उन्हात बसून राहिले. सुमन गेली याला आता दीड महिना होत आला, तरी दुपारचा चहा झाला की हात फोनकडे जातो. त्या वेळेला आम्ही रोज बोलायचो. विषय बहुतेक वेळा एकच असायचा, आमच्या बालवाडीतली मुलं, जी आता मुलाबाळांची झाली आहेत.

एरंडोलच्या त्या बालवाडीत लहान गट तिचा आणि मोठा गट माझा. तिच्या हाताखालून निघालेली मुलं वर्षभरानं माझ्याकडे यायची. पेन्सिल दिली की त्यांची बोटं आपसूक जागच्या जागी बसायची, आणि त्यामागे सुमनचं सगळं वर्ष असायचं. तिच्या वर्गात पेन्सिल उशिरा यायची. आधी कापूस. मुलं घरून मूठमूठभर कापूस आणायची आणि चिमटीनं त्यातली सरकी ओढून काढायची. मग त्याच कापसाच्या वाती वळायच्या, रद्दीचे बारीक तुकडे फाडायचे, ताटातल्या रेतीत बोटानं रेघा ओढायच्या. उभी, आडवी, तिरपी, गोल... त्यातूनच पुढे 'ग' यायचा, 'म' यायचा. आयाबापांना हे काही पटत नसे. एकदा दिवाळीनंतर धरणगावकडचे एक शेतकरी वर्गाच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "ताई, दिवाळी व्हयी गयी, पोऱ्याले आजून 'अ' येत नही." सुमन वाती वळता वळताच म्हणाली, "भाऊ, गोऱ्ह्याले पहिल्याच दिवशी औताले जुपतस का?" ते आल्या पावली निघून गेले. मला वाटलं, आता मुलाचं नाव काढतील. दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो पिशवीभर कापूस घेऊन.

सुमनचं स्वतःचं अक्षर फार देखणं होतं. गावात कुणाच्या लग्नपत्रिकांवर नावं घालायची असली की गठ्ठा तिच्याकडे यायचा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना एका सकाळी फळ्यावर 'न' काढताना तिच्या हातातून खडू निसटला. तो उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली होती. जळगावच्या दवाखान्यात आठवडाभरानं घरी सोडताना नर्सनं कागद पुढे केला आणि तिच्या हाताकडे बघून शाईचं पॅड आणलं. सुमननं अंगठा दिला. सगळ्या आजारपणात ती रडली ती तेव्हाच. जीभ जड झाली होती तिची, पण शब्द कळत होते. "विजू, अर्ध्या गावाला सही शिकवली गं मी..."

त्यानंतर ती घराबाहेर पडेना. व्यायाम करून घेणाऱ्या बाई मऊ गोळा दाबायला देत, ताटलीतले राजम्याचे दाणे एकेक उचलायला सांगत. ती गोळा बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करायची. मुलांना हेच सगळं तिनं आयुष्यभर दिलं होतं, म्हणूनच कदाचित ते जास्त लागत असावं. शेवटी एका सोमवारी मी रिक्षा घेऊन तिच्या दारात गेले आणि फार न विचारता तिला वर्गात आणून बसवलं. ती खुर्चीवर बसली नाही. मुलांच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. कुणीतरी तिच्यापुढेही रेतीचं ताट सरकवलं. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, आणि मग डावं बोट रेतीत टेकवलं. गोल काढायला गेली तर रेघ भलतीकडेच गेली. शेजारी बसलेली तन्वी वाकून बघत होती.

"ताई, तुना हात ऐकत नही का?"

"नही ना व."

"मना बी नही ऐके. मंग ऐकाले लागना. तू ल्हाना काढ पहिले."

सुमननं लहान गोल काढला. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. संस्थेतले काही जण म्हणाले, ताईंनी आता आराम करावा, मुलं त्यांचं बघून वाकडंतिकडं शिकतील. मुख्याध्यापकांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि आतला वर्ग दाखवला. सुमन ओठ दाबून 'म'ची गाठ मारत होती आणि तिच्याभोवतीची मुलं, एरवी क्षणात कंटाळणारी, तशीच ओठ दाबून बसली होती. मोठं माणूसही चुकतं, पुसतं, पुन्हा काढतं, हे ती पहिल्यांदाच बघत असावीत. पुन्हा तो विषय निघाला नाही. उजवा हात परत आला नाही तो नाहीच. पण निवृत्तीच्या कागदावर तिनं डाव्या हातानं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि शाई वाळेपर्यंत कागद कुणाला घेऊ दिला नाही.

पुढची वर्षं ती नीलेशकडे, जळगावच्या मेहरूण भागात होती. परवा मी तिकडे जाऊन आले. तिची सून प्रिया स्वयंपाक करत होती, म्हणून मी फोडणीला हात लावला आणि मेथ्या कुठे आहेत विचारलं. "मावशी, खसखशीच्या डब्यात," ती म्हणाली. मांडणीवरच्या सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या होत्या. मीठ, हळद, कळण्याचं पीठ... उजवीकडे झुकलेली, जपून काढलेली सुमनची अक्षरं. खसखशीचा डबा उघडला तर खरंच मेथ्या.

"आमच्याकडे खसखस कुणी खात नाही," प्रिया म्हणाली. "पण त्या दिवशी आईंना 'ख' जमला होता. म्हणाल्या, दोनदा लिहायला मिळतो."

घरात आता सगळे मेथ्यांना खसखसच म्हणतात. मीही चिमूटभर खसखस फोडणीत टाकली.