चौसष्टच्या इंपालाची मागची सीट

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या घराच्या गॅरेजमध्ये मी तीन वर्षांचे शनिवार गाडीखाली उताणा पडून घालवले. त्यातून काय मिळालं असं कुणी विचारलं, तर पहिलं उत्तर कंबरदुखी. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. सोमवार ते शुक्रवार कंपनीत कोड लिहायचा, नोकरकपातीत आता कुणाचा नंबर लागणार याची कुजबुज ऐकायची, आणि शनिवारी गंजलेल्या नटबोल्टांशी भांडायचं. बायको म्हणायची, दारात हत्ती बांधलाय. मुलगी बारा वर्षांची होती, ती खांदे उडवून म्हणायची, इट्स जस्ट अ कार, डॅड. दोघींचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग यायचा.

माझे बाबा नागपूरला एका खाणमालकाकडे बावीस वर्षं ड्रायव्हर होते. मालकाला आमच्या घरात साहेब म्हणत. साहेबांकडे चौसष्ट सालची इंपाला होती, अमेरिकन गाडी, लांबलचक, चार दारांची. बाबांनी ती चालवली, धुतली, पुसली, पोर्चमध्ये तिच्याशेजारी तासन्‌तास उभे राहिले, पण मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. बसायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. बाबा अमेरिकेला येतील तेव्हा तसल्याच गाडीत त्यांना मागे बसवायचं, मी पुढे ड्रायव्हर व्हायचं, आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलसमोर, आपल्या सगळ्या माणसांदेखत, दार उघडून त्यांना खाली उतरवायचं. बस्स. त्या गाडीकडून मला दुसरं काही नको होतं.

गाडी ओळखायचं वेड मात्र बाबांचंच. लहानपणी सुटीच्या दिवशी ते मला सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्याकडेला उभं करायचे. तेव्हा गाड्याच मोजक्या. पुढून सगळ्याच नटूनथटून येतात, ते म्हणायचे, मागून ओळखायला शीक. मी मागच्या दिव्यांवरून शिकलो, दार लावल्याच्या आवाजावरून शिकलो. ही विद्या पुढे तीस वर्षांनी कामी आली. न्यू जर्सीच्या दक्षिणेला एका शेतावर ताडपत्रीखाली एक इंपाला पडून होती, आणि विकणारा म्हातारा छातीठोक सांगत होता की त्रेसष्टची आहे. मी मागे जाऊन ताडपत्री उचलली. दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे, ते त्रेसष्टलाही असतात. पण दिव्यांच्या डोक्यावरून क्रोमची पट्टी वळून दोन्हीकडे खाली उतरलेली, ती चौसष्टलाच. म्हाताऱ्याने कागद शोधून काढले, चष्मा लावून वाचले आणि मान हलवली. खरं सांगतो, ग्रीन कार्ड आलं तेव्हाही मी एवढा खूश झालो नव्हतो.

मग कार्बोरेटर, ब्रेक, दारांचे रबर, सीटचं कापड. फोन करून पार्ट मागवायचे, चुकीचे यायचे, परत पाठवायचे. शेवटी गाडी रस्त्यावर आली, तेव्हा मात्र सुख होतं बुवा. स्टीअरिंग एका बोटाने फिरायचं. खड्ड्यावरून गेली तर खड्ड्याची बातमी आपल्यापर्यंत उशिराच यायची. पलंगावर बसून पलंगच चालवतोय असं वाटायचं. शेजारच्या गाडीतले लोक काच खाली करून अंगठा दाखवायचे. एवढं होऊनही मागची सीट मी कुणाला वापरू दिली नव्हती. मुलीला तर तिथे चिप्स खायलाही बंदी होती.

आई गेल्यावर दोन वर्षांनी, मार्चमध्ये, बाबा आले. एअरपोर्टवरून दुसऱ्या गाडीने आणलं, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं दार वर केलं. बाबा पुढे आले, गाडीच्या मागच्या बाजूला गेले, दिव्यांवर बोट टेकवलं आणि म्हणाले, चौसष्ट. मी वाट पाहत राहिलो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सुनेकडे जुनं फडकं मागितलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला बाबा बादली आणि माझं जुनं बनियान घेऊन गाडी पुसू लागले. थंडी एवढी, की बादलीच्या पाण्याची वाफ निघायची. बायको म्हणाली, बाबांना सांगा ना, शेजारचे काय म्हणतील, म्हाताऱ्या माणसाला कामाला लावलंय. मी सांगितलं. इथे कुणी रोज गाडी पुसत नाही बाबा, रंग खराब होतो. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. मी ओरडलो, मग लाज वाटली, मग पुन्हा ओरडलो.

एकदा सगळे मिळून ग्रोसरीला निघालो. मी इंपाला ड्राइव्हवेवर काढली. जयंतीपर्यंत मागची सीट राखून ठेवायचा माझा हट्ट त्या दिवशी बायकोने मोडून काढला. मी मागे वळून पाहतो तर बाबा मागचं दार उघडून, किंचित वाकून उभे. माझी मुलगी थँक्स आजोबा म्हणून आत बसली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. बायको मात्र जागच्या जागी थिजली. बाबांनी दार लावलं, हँडल ओढून पाहिलं, आणि म्हणाले, तुम्ही या जाऊन, मी घर राखतो. त्या दिवशी दुकानात मी कशासाठी आलोय हेच विसरलो.

तरी माझी खुमखुमी गेली नाही. उलट वाढली. जयंतीच्या दिवशी सगळं ठीक होईल, असं मी स्वतःला बजावत राहिलो. माणसं बघतील, जयभीम घालतील, बाबा मागच्या सीटवरून ताठ मानेने उतरतील.

जयंतीच्या शनिवारी बायको आणि मुलगी हॉल सजवायला म्हणून आधीच दुसरी गाडी घेऊन गेल्या. बाबांनी पांढरा शर्ट घातला, स्वतः इस्त्री केलेला. मी सूट घातला होता. गाडी दारात लावली, उतरलो आणि मागचं दार उघडून धरलं.

"बसा बाबा."

ते जागचे हलले नाहीत. त्यांना बहुधा वाटलं, मी थट्टा करतोय. मग मला राहवलं नाही. तीन वर्षं मी काय केलं, कशासाठी केलं, ही सीट कुणासाठी शिवून घेतली, सगळं भडाभडा बोललो. जिथे तुम्हाला कधी बसू दिलं नाही तिथे बसा म्हणतोय, एवढंही ऐकणार नाही का, असंही बोललो. माझा आवाज चढला होता. समोरच्या लॉनवरचा माणूस गवत कापायचं थांबवून आमच्याकडे बघत होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून दार सोडवून घेतलं आणि हळूच लावून टाकलं.

"मागं बसलं की डायवरची फक्त मान दिसते रे," ते म्हणाले. "बावीस वर्षं साहेबानं माही मानच पाहिली. मले तुही मान नाही पाहाची."

आणि ते पुढे येऊन बसले, माझ्या शेजारी.

मी गाडी चालवायला लागलो. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे बाबा बसले होते ती नेमकी त्यांचीच जागा होती, फक्त समोर स्टीअरिंग नव्हतं. पहिल्या सिग्नलला माझ्याआधी त्यांचा पाय खालच्या मॅटवर दाबला गेला. दुसऱ्यालाही. हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले, एकावर एक.

मग हळूहळू बोलू लागले. साहेब माणूस वाईट नव्हता, म्हणाले. दिवाळीला कापड द्यायचा. पण पचमढीला नेलं, मुंबईला नेलं, रात्र रात्र गाडी चालवली, अन् मागून आवाज यायचा तो फक्त चलो नाहीतर रोको. गाडी आवडायची का, असं मी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो. बाबांनी थोडा विचार केला. ओळखायला आवडायची, ते म्हणाले, दुसऱ्या कुणाची, रस्त्यानं जाताना. ही पाहिली की पाठ दुखते.

माझा सगळा खटाटोप त्या एका वाक्यात पाण्यात गेला. राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट. रोज सकाळी सहाला त्यांना पुन्हा कामावर मीच लावलं होतं.

हॉलच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही थांबलो. मला वाटत होतं की बाबा रस्ता बघताहेत. पण ते बऱ्याच वेळापासून माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडाकडे, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे.

"थकला काय रे तू?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षं झाली होती मला या देशात. हे कुणी मला विचारलं नव्हतं, आणि मी बाबांना कधी विचारलं नव्हतं.

"हो बाबा," मी म्हटलं, "खूप."